शाळेत मैत्री आपोआप व्हायची, मग कॉलेजात एवढं अवघड का जातं?

दहावीपर्यंत तुमचा दहा-बारा जणांचा ग्रुप होता. डबा एकत्र, शिक्षा एकत्र, घरी जाणंही एकत्र. मग कॉलेज सुरू झालं. दोन महिने झाले तरी कॅन्टीनमध्ये कोणासोबत बसायचं हा प्रश्न सुटलेला नाही. इन्स्टाग्रामवर मात्र जुन्या मित्रांचे नव्या ग्रुपसोबतचे फोटो रोज दिसतात. अशा वेळी मनात पहिला विचार येतो, "माझ्यातच काहीतरी कमी आहे का?"

बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असंच असतं. शाळा आणि कॉलेज या दोन्हींची रचनाच वेगळी आहे. शाळेत मैत्रीला लागणारा वेळ वेळापत्रक देऊन टाकतं. कॉलेजात तोच वेळ आपल्याला काढावा लागतो. हा फरक कसा पडतो, ते समजून घेऊ.

आपल्याकडे ताटातूट दोनदा होते

अमेरिकन सिरीजमध्ये दिसणारं हायस्कूल साधारण 14 ते 18 या वयाचं असतं. तिथली मुलं बारावीपर्यंत बहुतेक एकाच शाळेत असतात आणि कॉलेज त्यानंतर सुरू होतं. आपल्याकडे कोठारी आयोगाने (1964-66) सुचवलेली 10+2+3 ही रचना आली आणि महाराष्ट्रात अकरावी-बारावी 'ज्युनियर कॉलेज' झाली. त्यामुळे इथे पहिली ताटातूट सोळाव्या वर्षी होते आणि दुसरी अठराव्या वर्षी.

त्यात अकरावीचा प्रवेश. 2025-26 पासून तो संपूर्ण राज्यात ऑनलाइन केंद्रीय पद्धतीने होऊ लागला. पसंतीक्रमात जास्तीत जास्त दहा कॉलेजं भरता येतात आणि जागा गुणवत्तेनुसार मिळते. दोन जिवलग मैत्रिणींना पाच-सहा टक्क्यांच्या फरकाने वेगवेगळी कॉलेजं मिळू शकतात. कोणी सायन्सला जातं, कोणी कॉमर्सला, कोणी आयटीआय किंवा डिप्लोमाला. ग्रुप भांडणातून फुटत नाही, तो याद्यांमधून विखुरतो.

ज्यांच्या शाळेलाच ज्युनियर कॉलेज जोडलेलं असतं आणि तिथेच प्रवेश मिळतो, त्यांना हा बदल कमी जाणवतो. त्यांची खरी ताटातूट बारावीनंतर होते.

मैत्रीला किती तास लागतात?

अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे संशोधक जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. नव्या गावी राहायला गेलेले लोक आणि कॉलेजात नुकतेच आलेले विद्यार्थी यांना त्यांनी प्रश्न विचारले. त्यांच्या अंदाजानुसार ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे 50 तास एकत्र घालवावे लागतात, चांगल्या मैत्रीला सुमारे 90 तास आणि घट्ट मैत्रीला 200 हून अधिक.

यात एक मेख आहे. नुसतं एका वर्गात बसणं किंवा एका ऑफिसात काम करणं यातून जवळीक फारशी वाढत नाही. गप्पा, खेळ, खाणं, टाइमपास यांतून ती वाढते.

आता शाळेचं गणित मांडू. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीला वर्षाला किमान 220 दिवस शाळा भरते. रोजची मधली सुट्टी अर्ध्या तासाची धरली, तरी वर्षाला 110 तास होतात. म्हणजे घट्ट मैत्रीचे 200 तास दोन वर्षांत नुसत्या डब्यावर भरतात. घरी जायचा रस्ता, मैदान, क्लास आणि स्नेहसंमेलनाच्या तालमी यात धरलेल्याच नाहीत. कोणी काहीच ठरवलं नव्हतं, तरी मैत्री झाली ती अशी.

कॉलेजात हे तास जातात कुठे?

शाळेत वर्ग एकच, बेंच ठरलेला आणि तोंडंही तीच. कॉलेजात वर्गात शंभराच्या आसपास मुलं असू शकतात आणि आज शेजारी बसलेला उद्या येईलच असं नाही. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीला मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह असे विषय आले. त्यामुळे एका तासाला सोबत असलेली मुलं पुढच्या तासाला दुसरीकडे असतात. लेक्चर संपलं की कोणी लोकल पकडतं, कोणी एसटी, तर कोणी पार्ट टाइम कामावर जातं.

अकरावी-बारावीच्या सायन्सची अडचण आणखी वेगळी. अनेक मुलं कॉलेजात फक्त नाव नोंदवतात आणि दिवसभर नीट-जेईईच्या क्लासमध्ये असतात. हे इतकं वाढलं की 2018 मध्ये राज्य शासनाने विज्ञान शाखेच्या ज्युनियर कॉलेजांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा निर्णय घेतला. क्लासमध्ये मुलं सोबत असतात, पण तिथे बोलायला वेळ नसतो आणि शेजारचा स्पर्धक वाटतो. अशी दोन वर्षं काढलेल्या मुलाला पदवीच्या पहिल्या वर्षी लोकांशी बोलायची सवयच मोडल्यासारखी वाटली, तर त्यात नवल नाही.

भाषा, पैसा आणि 'आपण यांच्यातले नाही'

शाळेत बहुतेक जण एकाच भागातले असतात. कॉलेजात तालुक्याचा मुलगा आणि शहरातल्या इंग्रजी माध्यमाची मुलगी एका बॅचमध्ये येतात. कोणाचा रोजचा खर्च चहा आणि वडापावपुरता, तर कोणी कॅफेत बसणारं. इंग्रजी अडखळतं म्हणून गप्प राहणारी मुलं 'शिष्ट' ठरतात आणि पैसे नाहीत म्हणून येत नाही असं कोणी तोंडाने सांगत नाही.

दुसरी बाजूही आहे. शाळेत आठवीत पडलेलं चिडवायचं नाव दहावीपर्यंत चिकटून राहतं. कॉलेजात ते कोणालाच माहीत नसतं. ज्यांना शाळेत त्रास झाला किंवा ज्यांच्या आवडीचं तिथे कोणीच नव्हतं, त्यांच्यासाठी कॉलेज ही खरी सुटका असते.

सिनियर म्हणजे धोका की आधार?

दोन्ही असू शकतात. नोट्स, चांगली मेस, कुठल्या सरांचं सबमिशन कधी हे सिनियरच सांगतात. पण 'इंट्रो'च्या नावाखाली अपमान, जबरदस्ती किंवा मारहाण झाली तर ते रॅगिंग आहे. महाराष्ट्रात 1999 पासून त्याविरुद्ध कायदा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. यूजीसीचे नियम 2009 चे आहेत. तक्रारीसाठी 1800-180-5522 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

मग हे तास भरायचे कसे?

एक, ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ धरा. 1974 मध्ये अमेरिकेतील एका पोलीस अकादमीत झालेला अभ्यास प्रसिद्ध आहे. तिथे आडनावाच्या आद्याक्षरानुसार खोल्या आणि जागा दिल्या होत्या. मैत्रीही बहुतेक जवळच्या अक्षरांच्या लोकांशीच झाली. आपल्याकडे हे काम प्रॅक्टिकल बॅच करते. रोल नंबरने एकत्र आलेल्या चौघांशी आधी बोला. प्रॅक्टिकलनंतर एक चहा, एवढी सुरुवात पुरते.

दोन, वारंवार भेट होईल अशा एका गोष्टीत पडा. 1969 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत, म्हणजे एनएसएसमध्ये, वर्षाला 120 तास काम असतं आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. एकांकिकेच्या तालमी, एनसीसी, ढोल पथक, कबड्डीचा संघ, लायब्ररीतला रोजचा कोपरा, काहीही चालेल. 'डेज'च्या एका दिवसात फोटो मिळतात, पण तास भरतात ते तालमीत.

तीन, समोरच्याला आपण आवडलो नाही असं लगेच धरून चालू नका. 2018 च्या एका संशोधनात दिसलं, की पहिल्या गप्पांनंतर आपण समोरच्याला किती आवडलो याचा अंदाज लोक कमीच लावतात. कॉलेजच्या पहिल्या वर्षी एका खोलीत राहणाऱ्यांमध्ये हा गैरसमज कित्येक महिने टिकला होता. म्हणजे तुम्ही ज्याला 'भाव खाणारा' समजताय, तोही कदाचित तुमच्याबद्दल तेच समजत असेल.

चार, शाळेचे सगळे मित्र टिकणार नाहीत, हे मान्य करा. चाळीस जणांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाढदिवसाचे केक टाकण्यापेक्षा दोघा-तिघांना महिन्यातून एकदा फोन करा. ग्रुप शांत झाला म्हणून मैत्री खोटी होती असं होत नाही.

आणि तरीही एकटं वाटलं तर?

पहिल्या सेमिस्टरमध्ये ते बऱ्याच जणांना वाटतं, फक्त त्याची स्टोरी कोणी टाकत नाही. पण झोप, जेवण, अभ्यास यांवर परिणाम होऊ लागला, किंवा जगणंच नकोसं वाटू लागलं, तर थांबू नका. घरी, एखाद्या मॅडम-सरांना किंवा कॉलेजच्या समुपदेशकांना सांगा. केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

बाकी, दोन महिन्यांत ग्रुप जमला नाही म्हणून स्वतःला नापास करू नका. शाळेतल्या मैत्रीलाही वर्षं लागली होती. तेव्हा आपण मोजत नव्हतो, एवढंच.