फराटे

माझी गाडी काळी आहे. सेकंडहँड घेतली, स्वस्तात मिळाली, आणि रंग काळा का याचा विचार केला नाही. तो विचार नंतर गाडीनेच करायला लावला. पांढऱ्या गाडीवर जे खपून जातं, ते काळ्या गाडीवर दहा फुटांवरून दिसतं.

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी मी तिच्यावर आयुष्यात पहिल्यांदा स्प्रे सीलंट मारलं. बाटलीवरच्या सूचना बारीक अक्षरात होत्या आणि मी त्या अर्थातच वाचल्या नाहीत. गाडी नुकतीच बाहेरून आलेली, बॉनेट तापलेलं. मी भरपूर मारलं, पाच-सात मिनिटं वाळू दिलं, मग गोल गोल फिरवून पुसलं. संध्याकाळी पार्किंगचे दिवे लागले आणि बॉनेटभर फराटे उठून दिसले. तेलकट हाताने आरसा पुसावा तसे पांढुरके, कुठे कुठे इंद्रधनुष्याची झाक असलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या पुसणारे काका बादली घेऊन आले. मी म्हटलं, "काका, तुमच्या त्या पिवळ्या फडक्याने सगळं बॉनेट खराब झालंय. पुढच्या महिन्यापासून माझी गाडी राहू द्या." काका बॉनेटकडे बघत क्षणभर थांबले. काहीतरी म्हणणार होते, पण म्हणाले नाहीत. "बरं ताई," एवढंच बोलून पुढच्या गाडीकडे गेले.

ते फराटे काढायचे कसे, हे शोधायला मी बसले, आणि शोधता शोधता शंभर-सव्वाशे वर्षं मागे पोचले.

सुरुवातीच्या मोटारी रंगवण्याची पद्धत घोडागाडीचीच होती. जवसाच्या तेलाचं व्हार्निश, थरावर थर, प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबायचं, मग प्युमिस दगडाच्या भुकटीने घासायचं, मग पुढचा थर. एक गाडी रंगून बाहेर पडायला काही आठवडे लागत. कारखान्यात गाडी जोडण्याचा वेग वाढत गेला आणि रंग मात्र आपल्या चालीने वाळत राहिला. फोर्डने 1914 पासून 1925 पर्यंत मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली, हे बहुतेकांना माहीत असतं. तो काळा रंग म्हणजे डांबराच्या जातीचं अस्फाल्ट आणि जवसाचं तेल यांचं मिश्रण, भट्टीत भाजून पक्कं केलेलं. जपानी लाखकामाची नक्कल म्हणून त्याला 'जपान ब्लॅक' म्हणत. टिकाऊ होता आणि स्वस्तही होता. 1914 च्या आधी हीच गाडी इतर रंगांतही मिळायची, हे मात्र कुणी सांगत नाही.

मग 1920 च्या दशकात ड्यूपाँट आणि जनरल मोटर्स यांनी मिळून नायट्रोसेल्युलोजचा लॅकर आणला. नाव 'ड्युको'. हे नाव ओळखीचं वाटतंय? आपल्याकडे फर्निचर करून घेताना सुतार अजूनही विचारतो, "पॉलिश करायचं की ड्युको मारायचा?" तोच हा ड्युको. 1923 मध्ये ओकलंड नावाची गाडी निळ्या ड्युकोत बाजारात आली. आठवड्यांचं काम तासांवर आलं. जनरल मोटर्सचे संशोधक चार्ल्स केटरिंग यांची एक गोष्ट सांगतात: गाडीचा रंग इतक्या लवकर वाळूच शकत नाही म्हणणाऱ्या एका रंगतज्ज्ञाला ते जेवायला घेऊन गेले, आणि जेवण होईपर्यंत बाहेर त्याच्या गाडीचा रंग बदलून टाकला. त्याला स्वतःची गाडी ओळखता येईना. गोष्ट खरी असो वा तिखटमीठ लावलेली, तिच्यातला आनंद खरा आहे.

हा लॅकर फवाऱ्यानेच मारावा लागे, ब्रशने मारेपर्यंत तो वाळायचा. फवाऱ्याचा उगम मात्र दवाखान्यातला. ओहायो राज्यातल्या टोलेडो गावात डॉ. ॲलन डेव्हिलबिस नावाचे घशाचे डॉक्टर होते. रुग्णाच्या घशात औषध मारायला त्यांनी एक छोटा फवारा बनवला. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्या मुलाने, थॉमसने, त्याच तत्त्वावर रंगाची स्प्रे गन तयार केली. माझ्या हातातली सीलंटची बाटली या घराण्यातली.

ड्युकोची एक खोड होती. गनमधून बाहेर पडल्यावर तो मंद दिसायचा. चमक यायला त्याला घासावं लागायचं, आणि उन्हापावसात काही महिन्यांत तो पुन्हा खडूसारखा पांढुरका व्हायचा. म्हणजे रंग पटकन वाळू लागला आणि चमकवण्याचं काम गाडीच्या मालकाच्या गळ्यात पडलं. मेणाचा धंदा इथे फोफावला. शिकागोत जॉर्ज सायमन्स यांचं 'सायमनाइझ' 1910 च्या सुमारासच आलं होतं, ते इतकं चाललं की अमेरिकन इंग्रजीत ते क्रियापद झालं. आपण झेरॉक्स काढतो, तसे ते लोक गाडी सायमनाइझ करायचे. 1940 च्या दशकात त्याच शहरात बेन हर्श यांनी जे पॉलिश विकायला सुरुवात केली ते पुढे 'टर्टल वॅक्स' झालं. कंपनी मोठ्या कौतुकाने सांगते की हर्श रस्त्यावर उभ्या असलेल्या अनोळखी गाडीचा एक कोपरा चमकवून ठेवायचे आणि मालक येईपर्यंत तिथेच थांबायचे. एकच कोपरा चमकतोय म्हटल्यावर माणूस डबा घेणारच.

या डब्यांतलं सगळ्यात कठीण मेण ब्राझीलहून यायचं, अजूनही येतं. ईशान्य ब्राझीलमध्ये सेआरा, पियाउई या कोरड्या प्रांतांत कार्नाउबा नावाचा ताड वाढतो. पानातलं पाणी उन्हात उडून जाऊ नये म्हणून तो पानांवर मेणाचा थर धरतो. पानं लांब बांबूला बांधलेल्या कोयत्याने कापायची, उन्हात वाळवायची, झोडपायची, गळणारी भुकटी वितळवून गाळायची. हे मेण वितळायला 80 अंशांच्या वर तापमान लागतं, म्हणून तापलेल्या पत्र्यावरही ते टिकतं. 1935 मध्ये जॉन्सन वॅक्स कंपनीचे एच. एफ. जॉन्सन या ताडाच्या शोधात विस्कॉन्सिनमधल्या रासीनहून थेट ब्राझीलच्या फोर्तालेझापर्यंत गेले, तेही पाण्यावर उतरणाऱ्या सिकोर्स्की विमानातून. साहसकथा म्हणून ही सफर खूप रंगवून सांगितली जाते. ती पानं कापणाऱ्यांची कथा तेवढी रंगवली गेली नाही. अगदी अलीकडेही ब्राझीलच्या सरकारी तपासणीत कार्नाउबाच्या वाड्यांवर गुलामीसारख्या स्थितीत राबणारे मजूर सापडले आहेत: झाडाखाली झोपायचं, प्यायला धड पाणी नाही. हे वाचत असताना खाली पार्किंगमध्ये बादलीचा आवाज आला. मी खिडकीपाशी गेले नाही.

मेण लावायची रीत ठरलेली होती. पातळ थर लावा, थांबा, पांढरं धुकं धरलं की मऊ कापडाने पुसून काढा. मेण ज्या द्रावकात कालवलेलं असतं तो उडून जायला वेळ लागतो, म्हणून थांबायचं. धुकं ही खूण. कुठे लागलंय, कुठे राहिलंय, सगळं समोर दिसतं. ही रीत मला कुठल्याही बाटलीने शिकवलेली नव्हती. आमच्या घरी दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाबा त्यांच्या बजाज चेतकला मेण लावायचे. मला स्टुलावर बसवून सांगायचे, "पांढरं होईपर्यंत हात लावायचा नाही." मग जुन्या बनियनने गोल गोल पुसायचे. दुसऱ्या दिवशी झेंडूची माळ, हळदकुंकू. वाळू द्यायचं आणि गोल फिरवायचं हे माझ्या हातात तिथून आलं.

दरम्यान मेणाचं राज्य संपत आलं होतं. 1943 मध्ये डाउ कॉर्निंग ही सिलिकॉन बनवणारी कंपनी निघाली आणि पन्नाशीच्या दशकात सिलिकॉन तेल गाडीच्या पॉलिशमध्ये शिरलं. ते पत्र्यावर आपोआप पसरतं, घासायची मेहनत निम्मी होते. डेंटिंग-पेंटिंगवाले तेव्हापासून त्याच्यावर डाफरतात, कारण पत्र्यावर सिलिकॉनचा अंश राहिला तर नवा रंग तिथे धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे बारीक खड्डे पडतात. पुढे रंगावर पारदर्शक क्लिअर कोट देण्याची पद्धत आली, 1980 च्या दशकात ती जगभर रुळली. चमक आता कारखान्यातूनच येऊ लागली. ती मिळवण्याची कटकट संपली आणि राखण्याची सुरू झाली. क्लिअर कोटचा थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसापेक्षाही बारीक. धुळीसकट कोरडं फडकं फिरवलं की त्यावर बारीक गोल ओरखडे पडतात, उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात. दर वेळी रबिंग करून ते काढायचे म्हणजे हा थर थोडा थोडा खरवडून टाकायचा.

आता बाटलीकडे येऊ. स्प्रे सीलंटमध्ये बहुतांश पाणी असतं. त्यात सिलिकॉनच्या कुळातली पॉलिमरं, हल्ली 'सिरॅमिक' म्हणून विकली जाणारी सिलिकायुक्त द्रव्यं, आणि हे सगळं पाण्यात मिसळून राहावं म्हणून इमल्सिफायर. थर इतका पातळ बसायला हवा की डोळ्याला दिसूच नये. जास्त मारलं की पाणी उडून जातं आणि उरलेला माल कुठे जाड, कुठे पातळ असा वाळतो. जाड-पातळ थरांतून प्रकाश वेगवेगळा परततो, तो फराटा. पत्रा तापलेला असेल तर पसरवायच्या आधीच पाणी उडतं. पावसाळ्यात उलटं, ते उडतच नाही आणि कितीही पुसलं तरी चिकट राहतं. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याने धुऊन गाडी तशीच वाळू दिली असेल तर क्षारांचे डाग सीलंटखाली कोंडले जातात. आणि धुक्याची वाट बघायची नसते. इथे धुकं धरलं म्हणजे उशीर झाला. माझ्यासारख्या वाट बघणारीचं बॉनेट जसं दिसलं तसंच दिसणार होतं.

काकांच्या फडक्याचा या फराट्यांशी काही संबंध नव्हता. गोल ओरखडे त्याचे असतील, थोडेफार. फराटे सगळे माझे.

हे मला बुधवारी कळलं. शनिवारी सकाळी सव्वासहाला मी खाली गेले. काका दुसऱ्या विंगच्या गाडीपाशी होते. मी म्हटलं, "काका, ते माझ्यामुळेच झालं होतं. मी उगीच तुम्हाला बोलले."

"मला दिसलं होतं ताई," ते म्हणाले. "माल जास्त झाला होता. पण तुम्ही चिडलेल्या होतात."

मग कळलं की काकांनी मुंबईत सतरा वर्षं काळी-पिवळी चालवली. पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, असं ते अभिमानाने म्हणाले. मेणाचा डबा परवडायचा नाही, तेव्हा रॉकेलचा हात फिरवायचे. एका दिवसात चमक यायची आणि दुसऱ्या दिवशी सगळी धूळ येऊन बसायची. 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, त्याचा व्हिडिओ त्यांच्या फोनमध्ये होता. त्यांनी तो मला दोनदा दाखवला.

त्या सकाळी आम्ही बॉनेट परत केलं. पत्रा गार होता, ऊन अजून भिंतीपलीकडे होतं. आधी शाम्पूने धुतलं, पूर्ण कोरडं केलं. जुने फराटे काढायला एक युक्ती उपयोगी पडली: त्याच सीलंटचा हलका फवारा मारला की वाळलेला थर पुन्हा ओला होतो आणि लगेच पुसला की निघून येतो. हट्टी फराटे ओल्या कापडाने निघाले. मग नवा थर. फवारा पत्र्यावर मारण्याऐवजी कापडावर मारला, दोनदाच. बॉनेटचा अर्धाच भाग घेतला, सरळ रेषेत पसरवला, लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसला, कापडाची घडी बदलून पुन्हा एकदा. मग उरलेला अर्धा.

कापडं मायक्रोफायबरची होती. त्यांच्या पूर्वजाचा जन्म जपानमधला, तोरे कंपनीतल्या मियोशी ओकामोतोंनी 1970 मध्ये अतिसूक्ष्म धाग्यांपासून कृत्रिम स्वेड बनवलं तिथला. काकांनी कापड बोटांत चोळून पाहिलं. "हे धुताना कंफर्ट टाकू नका," ते म्हणाले, "पाणी ओढायचं बंद होतं." हे मला वाचून कळायला दोन दिवस लागले होते. मी दोन कापडं त्यांच्यासाठी आणली होती. त्यांनी ती पिवळ्या फडक्याच्या बाजूला बादलीच्या कडीला अडकवली. महिन्याचे पैसे मी द्यायला लागले तेव्हा म्हणाले, "एक तारखेला द्या, नेहमीसारखे."

काका उंच आहेत, मी नाही. टपाचा मधला भाग मला दिसत नाही. तिथे एक फराटा अजून आहे, असं ते सांगतात.