घोड्याचा कान आणि पिसवेचं बी

शब्दांचा प्रवास पाहायचा असेल तर माणसानं कवितेच्या पुस्तकापेक्षा काष्ठौषधीच्या दुकानात जावं. कवितेतले शब्द मिरवतात, औषधांचे शब्द मुकाट्यानं काम करत राहतात. इसबगोल हा असाच एक कामसू शब्द. मराठी घरात कुणाचं पोट बिघडलं की हे नाव निघतं. बद्धकोष्ठ असेल तर कोमट पाण्यातून किंवा दुधातून, जुलाब होत असतील तर दह्यातून. एकच वस्तू दोन्ही उलट दुखण्यांवर कशी चालते, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. आजी सांगते, आपण घेतो.

अलीकडे मात्र औषधांच्या दुकानांत आणि मॉलमध्ये चकचकीत डबे दिसतात. त्यांवर लिहिलेलं असतं, ‘वनस्पतिजन्य विद्राव्य तंतू’, म्हणजे सोल्युबल फायबर. आमच्या भिवंडीभोवती नाशिक रस्त्यालगत जी मैलोन्‌मैल गोदामं उभी राहिली आहेत, त्यांतून असले डबेही घरोघरी रवाना होत असतील. डबा फिरवून पाठीमागची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याचदा दोनपैकी एक नाव सापडतं. एक सायलियम, म्हणजे आपली इसबगोलाची भुशी. दुसरं ग्वार गम, म्हणजे आपल्या गवारीच्या बियांचा गोंद. दोघंही आपले जुने ओळखीचे. फक्त परदेशातून नवे कपडे घालून आले आहेत.

आधी नावाची गोष्ट. फार्सीत ‘अस्प’ म्हणजे घोडा आणि ‘गोल’ किंवा ‘घोल’ म्हणजे कान. बी होडीच्या आकाराचं, मध्ये खोलगट. कुणा इराणी माणसाला त्यात घोड्याचा कान दिसला आणि अस्पघोल हे नाव पडलं. ग्रीकांना त्याच जातीच्या बियांत पिसू दिसली. ग्रीक भाषेत पिसवेला ‘सायला’ म्हणतात, त्यावरून सायलियम. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीसच्या औषधिग्रंथात हे नाव आहे. अरबीत त्याला ‘बज्र-ए-कतूना’ म्हणतात, आणि बुखाऱ्याजवळ जन्मलेल्या, १०३७ साली वारलेल्या इब्न सीनानं आपल्या ‘अल्-कानून’ या वैद्यकग्रंथात त्याची नोंद केली आहे.

आपल्याकडे आल्यावर या शब्दाचं जे झालं ते मला फार गमतीचं वाटतं. संस्कृत जाणणाऱ्या वैद्यांनी त्याला ‘ईषद्गोल’ केलं, म्हणजे किंचित गोल. आवाज तोच राहिला, अर्थ नवा आला. बी काही गोल नाही, पण नावाला पंक्तीत जागा मिळाली. दुसरीकडे कुणी फार्सी नावाचा सरळ अर्थ घेऊन ‘अश्वकर्ण’ असंही म्हटलं. एका पाहुण्याचं स्वागत एकानं आवाजावरून केलं, दुसऱ्यानं अर्थावरून. हाकलून मात्र कुणी दिलं नाही. युनानी औषध मुसलमानांचं आणि आयुर्वेद हिंदूंचा, अशी वाटणी करणाऱ्यांनी हा एवढा एक शब्द तरी नीट तपासून पाहावा. खुद्द ‘युनानी’ या शब्दाचा अर्थ ग्रीक असा आहे.

आणि देवघेव एकाच दिशेनं झाली असंही नाही. इतिहासकार म्हणून आपण ज्याला ओळखतो तो फरिश्ता निजामशाहीच्या अहमदनगरात वाढला आणि १५८९ साली विजापूरच्या आदिलशाही दरबारी गेला. त्यानं एक वैद्यकाचं पुस्तकही लिहिलं, ‘दस्तूर-उल-अतिब्बा’. त्याचा विषय काय? हिंदुस्थानातल्या वैद्यांची विद्या, फार्सी वाचणाऱ्या हकिमांना कळावी म्हणून. दख्खनमध्ये वैद्य आणि हकीम एकमेकांच्या बटव्यात डोकावत होते, त्याचा हा लेखी पुरावा.

हकिमांच्या हिशेबात इसबगोल थंड आणि ओलसर प्रकृतीचं. उष्णता, आव, आतड्याचा दाह यांवर ते देत. बी पाण्यात भिजत घालायचं, त्याभोवती जो बुळबुळीत थर येतो त्याला ‘लुआब’ म्हणायचं, आणि तो बियांसकट प्यायचा. बी कुटायचं नाही, चावायचं नाही, असा त्यांचा सक्त दंडक होता. इंग्रजांच्या काळात हे औषध सरकारदरबारीही गेलं. १८६८ साली निघालेल्या ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’त इसबगोलाला अधिकृत जागा मिळाली. पुढे मुंबईत सरकारी औषध भांडारावर काम केलेल्या विल्यम डायमॉक यांनी वॉर्डन आणि हूपर यांच्या साथीनं १८९० ते १८९३ या काळात ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा ग्रंथ काढला. इथल्या औषधी वनस्पती, त्यांची देशी नावं, बाजारातला माल, सारं त्यांनी टिपून ठेवलं. इंग्रजीत आजही ‘इस्पघुला’ हा शब्द चालतो. घोड्याचा कान लंडनपर्यंत पोचला.

आता हे पीक कुठलं? कोकणातलं नाही. आमची दमट हवा त्याला मानवत नाही. गुजरातेत मेहसाणा, बनासकांठा, राजस्थानात जालोर, बाडमेर, मध्य प्रदेशात नीमचकडचा मुलूख, ही त्याची गावं. उंझ्याच्या बाजारात जिऱ्याच्या शेजारी इसबगोलाचे ढीग लागतात. सिद्धपूर, जे बोहऱ्यांच्या देखण्या हवेल्यांसाठी प्रसिद्ध आहे, तिथं भुशी काढण्याचे कारखाने आहेत. बी दळून, पाखडून, चाळून वरचं पातळ टरफल वेगळं करतात. वजनानं ते बियाच्या पाव हिश्शाएवढंच भरतं. थंडीत पेरलेलं पीक फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास काढणीला येतं, आणि नेमका तेव्हा अवकाळी पाऊस झाला की शेतकरी बुडतो. बी पाणी पितं, फुगतं आणि शेतातच झडून जातं. आपल्या पोटात जो गुण उपयोगी पडतो, तोच गुण शेतात घात करतो. जगाला लागणाऱ्या इसबगोलाचा बहुतांश भाग भारत पुरवतो, आणि सर्वांत मोठं गिऱ्हाईक आहे अमेरिका. तिथं १९३४ सालीच ‘मेटाम्युसिल’ या नावानं सायलियमचं चूर्ण बाजारात आलं होतं.

तरीसुद्धा गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत पाश्चात्त्य डॉक्टर कोंड्याला, भुशीला निरुपयोगी चोथाच मानत. ही दृष्टी बदलणाऱ्यांत डेनिस बर्किट यांचं नाव पुढे येतं. हे आयर्लंडचे, लहानपणी अपघातात एक डोळा गेलेले शल्यविशारद. युगांडात त्यांनी अनेक वर्षं काढली. तिथल्या खेडुतांचं खाणं जाडंभरडं, आणि युरोपात घरोघरी आढळणारे आतड्यांचे आजार त्यांच्यात क्वचित. याचा संबंध तंतूंशी आहे, असं ते आणि त्यांचे सहकारी ह्यू ट्रोवेल १९७०च्या दशकात सांगू लागले. बर्किट यांचं लोकांसाठी लिहिलेलं पुस्तक १९७९ साली आलं. त्यांची सारीच अनुमानं पुढे टिकली नाहीत, पण चोथा चर्चेत आला तो आलाच. १९९८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं सायलियमच्या वेष्टनावर हृदयविकाराचा धोका कमी होण्यास मदत होऊ शकते, असं लिहायला परवानगी दिली. अट अशी की आहारात चरबी कमी हवी आणि रोज ७ ग्रॅम विद्राव्य तंतू पोटात जायला हवेत. त्यासाठी साधारण १० ग्रॅम भुशी लागते.

हे घडतं कसं? इथं मला भिवंडीची साक्ष काढावीशी वाटते. १८५७नंतर उत्तरेकडून परागंदा झालेले मोमीन विणकर इथं येऊन वसले, मग हातमागाचे यंत्रमाग झाले. ज्यानं माग पाहिला आहे त्याला खळ ठाऊक असते. ताण्याच्या सुताला खळ लावल्याशिवाय ते मागावर टिकत नाही, सारखी तार तुटते. आमच्याकडे हे काम सायझिंगच्या कारखान्यांत चालतं. पूर्वी घोंगडीला चिंचोक्याची खळ लावत. आता मक्याचा स्टार्च असतो, आणखी काय काय असतं, आणि त्यात गवारीचा गोंदही वापरला जातो. खळीची सारी करामत तिच्या घट्टपणात असते. पातळ झाली की ती सुताला धरत नाही.

पोटातही नेमकं हेच चालतं. इसबगोलाची भुशी पाणी धरून लगदा होते. मळ कोरडा असेल तर त्याला ओलावा देते, पातळ असेल तर जादा पाणी शोषून त्याला बांधते. आजीच्या त्या दोन उलट उपचारांचं उत्तर एवढंच आहे. हा लगदा पित्तातली आम्लं आपल्यात गुंतवून बाहेर नेतो. मग यकृताला नवं पित्त बनवावं लागतं, आणि त्यासाठी ते रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलतं. वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल यानं साधारण ५ ते १० टक्के उतरतं. जेवणातली साखरही रक्तात सावकाश उतरते. गवारीच्या गोंदाबद्दल हेच १९७६ साली डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं. पुढे अन्नपदार्थांचा ‘ग्लायसेमिक इंडेक्स’ मांडणारे ते हेच जेन्किन्स.

गवारीची कहाणी तर आणखी नाट्यमय आहे. दुसऱ्या महायुद्धात भूमध्य समुद्राकडून येणारा कॅरोबच्या बियांचा गोंद मिळेनासा झाला. कागद आणि कापडाच्या गिरण्यांना दुसरा गोंद हवा होता. तेव्हा आपल्या गवारीचं नशीब उघडलं. १९९०च्या सुमारास अमेरिकेत वजन उतरवण्याच्या गोळ्या म्हणून हा गोंद विकला गेला. पण गोळी घशातच फुगून अन्ननलिका बंद झाल्याची प्रकरणं घडली आणि त्या गोळ्या बाजारातून काढाव्या लागल्या. नंतर जमिनीतून तेल आणि वायू काढायला तिकडे या गोंदाची इतकी मागणी वाढली की मार्च २०१२ मध्ये आपल्याकडे गवारीचे वायदे व्यवहार थांबवावे लागले. आपण ताटात गवार पाहून नाक मुरडतो आणि टेक्सासचे तेलवाले तिच्या भावासाठी झुरत होते!

हा गोंद पाण्यात ढवळला तर गुठळ्या होतात, पिववत नाही. म्हणून विकरांनी, म्हणजे एन्झाइमनं, त्याचे लांब साखळदंड तोडून पातळ केलेली पूड निघाली. ती पाण्यात दिसेनाशी होते, चव लागत नाही. आतड्यातले उपयोगी जिवाणू तिच्यावर जगतात आणि पोट साफ व्हायला मदत होते. ढाक्यात तान्ह्या मुलांच्या जुलाबांवर जलसंजीवनीत ही पूड मिसळून पाहिली, तेव्हा जुलाब लवकर थांबले. तो अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. पण मंडळी, इथं खळ आठवा. घट्टपणा गेला की त्याच्यामागचे काही गुणही उतरतात. पाण्यात विरघळून नाहीशा होणाऱ्या पुडीकडून इसबगोलाइतकं कोलेस्टेरॉल उतरण्याची अपेक्षा धरू नये. डब्यावर ‘विद्राव्य तंतू’ एवढंच लिहिलेलं असतं. कुठला तंतू आणि कशासाठी, हे गिऱ्हाइकानंच विचारायचं.

मी हकीम नाही, वैद्यही नाही. पण काही गोष्टी जाणत्या डॉक्टरांच्या तोंडून सर्वत्र सारख्याच ऐकू येतात. भुशी कोरडी तोंडात टाकायची नाही. मोठा पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यायची, वर आणखी पाणी. ज्यांना गिळायला त्रास होतो किंवा आतड्यात अडथळा आहे, त्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. इतर औषधं आणि भुशी यांत दोनेक तासांचं अंतर ठेवावं, आणि साखरेची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावं. सुरुवात अर्ध्या चमच्यानं करावी, नाहीतर पोट फुगतं. आमच्याकडे रमजानात सहरीच्या वेळी पुष्कळ जण भुशी घेतात, कारण दिवसभर पाणी नाही आणि संध्याकाळी तळलेलं फार. त्यांनीही पहाटेचं पाणी भरपूर प्यायला हवं. भुशीला पाणी मिळालं नाही तर ती मदत करायची सोडून अडून बसते.

भिवंडीत यंत्रमाग कामगारांच्या ज्या खानावळी आहेत, त्यांना इथं बिसी म्हणतात. बारा तासांची पाळी करून माणसं तिथं जेवायला बसतात. ताटात रोटी, डाळ, एखादी भाजी. डाळीत तंतू आहेत, भाजीत आहेत, आणि हंगाम असेल तर ती भाजी गवारीचीही असते. ज्या शेंगेच्या बियांचा गोंद दिवसभर त्याच्या मागावरच्या सुताला धरून होता, तीच शेंग परतून त्याच्या ताटात आलेली असते. तिथून दोन गल्ल्या पलीकडे, सकाळी चहात खारी बुडवून खाणाऱ्यांच्या घरात, कपाटावर तो चकचकीत डबा असतो.