ओक हिलची शाळा

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन आपल्या बालगुन्हेगारांना शेजारच्या मेरिलँड राज्यातल्या ओक हिलला पाठवत असे. तिथल्या हलाखीवरून १९८५ साली 'जेरी एम.' हा खटला उभा राहिला. पुढच्याच वर्षी शहराने न्यायालयात लिहून दिलं की परिस्थिती सुधारू, मुलांना नीट शिकवू, ज्यांना विशेष शिक्षण हवं त्यांना तेही देऊ. कागद झाला. पुढची वीस वर्षं शाळा नावालाच राहिली.

२००७ साली ती डेव्हिड डोमेनिची आणि जेम्स फोरमन यांच्या संस्थेकडे आली. दोघेही वकील! फोरमन तर अशाच पोरांची बाजू कोर्टात मांडलेले. माया अँजेलू यांचं नाव शाळेला दिलं आणि डोमेनिची मुख्याध्यापक झाले.

इथला मुलगा शाळा उघडते तेव्हा येत नाही, न्यायाधीश पाठवील तेव्हा येतो आणि सोडतील तेव्हा जातो. त्याला वर्षभराचा अभ्यासक्रम काय कामाचा? म्हणून महिना-दीड महिन्याचे भाग पाडले. मुलगा मध्येच सुटला तरी झालेला अभ्यास वाया जाऊ नये, हा हेतू. विशेष शिक्षकही वर्गातच, विषयशिक्षकाच्या जोडीला. मला यातलं हे साधं व्यवहारज्ञान फार मोलाचं वाटतं.

ओक हिल २००९ साली बंद झालं, शाळा नव्या इमारतीत गेली. खटला मिटायला मात्र २०२० साल उजाडलं.