माहिती तंत्रज्ञानाची नीती व सुरक्षितता (उद्योगप्रमुखांच्या संदर्भात)

संस्थेकडे जमा झालेली माहिती आणि ती हाताळणाऱ्या संगणकप्रणाली चोरी, फेरफार व बिघाड यांपासून राखणे म्हणजे सुरक्षितता. त्याच माहितीच्या व प्रणालींच्या आधारे ग्राहक, कर्मचारी आणि त्रयस्थ माणसे यांच्याशी न्यायाने वागणे म्हणजे नीती. हे दोन्ही विषय बराच काळ संगणक विभागाचे समजले गेले, आणि ‘ते आयटीवाले बघतील’ हे वाक्य अजूनही अनेक बैठकांमध्ये ऐकू येते. पण कोणती जोखीम पत्करायची, पैसा कशावर खर्च करायचा, चूक घडली तर कोणाला व किती तासांत कळवायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्या विभागाला नसतो. तो संचालक मंडळाकडे आणि कार्यकारी प्रमुखाकडे असतो. विषय न समजणाऱ्या प्रमुखालाही हे निर्णय घ्यावेच लागतात, आणि तो ते अंधारात घेतो.

पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेवर २०१८ साली झालेला हल्ला हे महाराष्ट्राच्या जवळचे उदाहरण आहे. बँकेची स्थापना १९०६ची. एटीएममध्ये कार्ड घातले की ते यंत्र थेट खात्याशी बोलत नाही. मागणी आधी ‘स्विच’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सर्व्हरकडे जाते, तिथून कोअर बँकिंग प्रणालीकडे. शिल्लक तपासून होकार आला की नोटा बाहेर येतात. हल्लेखोरांनी मालवेअर घुसवून या वाटेवर बनावट स्विच उभा केला. मागणी खऱ्या प्रणालीपर्यंत पोचतच नव्हती आणि बनावट स्विच वाटेतच होकार देत होता. ११ ऑगस्टला काही तासांत नकली कार्डांच्या आधारे २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. भारतातील काही रक्कम तर कोल्हापूरच्या एटीएममधून निघाली. १३ तारखेला, सोमवारी, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेतून आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका बँकेतील खात्यात गेले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने पुढे या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. २०२३मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांना दोषी ठरवले.

११ ऑगस्ट हा महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणजे बँकांच्या सुट्टीचा दिवस होता. फेब्रुवारी २०१६मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८.१ कोटी डॉलर याच जातीच्या हल्ल्यात गेले, तेव्हाही गुरुवारची रात्र निवडली होती. ढाक्याची साप्ताहिक सुट्टी, मग न्यूयॉर्कचा शनिवार-रविवार, मग मनिलातील चिनी नववर्षाची सुट्टी, अशी ओळीने मोकळी जागा चोरांना मिळाली. यातून प्रमुखापुढे येणारा प्रश्न तांत्रिक नाही. सुट्टीच्या दुपारी संशय आला, तर सगळी सेवा बंद करण्याचा अधिकार ड्युटीवरच्या माणसाला आहे का? की वरिष्ठांचा फोन लागेपर्यंत त्याने थांबायचे? एका प्रणालीत शिरकाव झाला, तर बाकीच्या स्वच्छ आहेत हे कोण तपासणार? बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने मंजुरी द्यायची, ही मेकर-चेकरची शिस्त जुनी आहे. ती संगणकावर नीट उतरली आहे का, हे विचारायला प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही. दुर्दैवाने रबरी शिक्का कुलपात ठेवणारा अधिकारीच आपला पासवर्ड मदतनिसाला तोंडी सांगताना दिसतो.

नीतीचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तिथे बाहेरचा चोर नसतो. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने १९९९पासून फुजित्सूची ‘होरायझन’ ही हिशेबप्रणाली शाखांमध्ये बसवली. प्रणालीतील दोषांमुळे हिशेबात नसलेली तूट दिसू लागली आणि शाखा चालवणाऱ्या उप-पोस्टमास्तरांवर चोरीचे व खोट्या हिशेबाचे खटले झाले. २०१५पर्यंत ९००हून अधिक जण दोषी ठरले. कित्येकांनी घर गहाण टाकून न केलेल्या चोरीची भरपाई केली, काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. मदतवाहिनीवर फोन केला की अनेकांना सांगितले जाई, अशी तक्रार फक्त तुमचीच आहे. इंग्लंडच्या न्यायालयांतही संगणक बरोबर चालतो असेच गृहीत धरले जाई. शाखेच्या खात्यात बाहेरून कोणी हात घालू शकत नाही, असे पोस्ट ऑफिस ठामपणे सांगत राहिले. फुजित्सूच्या कर्मचाऱ्यांना ते करता येत होते. माजी उप-पोस्टमास्तर अॅलन बेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लढवलेल्या दिवाणी दाव्याचा निकाल २०१९मध्ये लागला, आणि सरसकट दोषमुक्तीचा कायदा व्हायला २०२४ उजाडले. वरच्या खुर्च्यांवर बसलेल्यांना यंत्रातला दोष ओळखता आला नसता, हे मान्य. पण वर्षानुवर्षे प्रामाणिक समजली गेलेली शेकडो माणसे एकाच वेळी चोर कशी झाली, हा प्रश्न पडायला संगणकाचे शिक्षण लागत नव्हते.

लपवालपवीही याच सदरात येते. २०१६मध्ये उबर या टॅक्सीसेवा कंपनीकडून सुमारे ५.७ कोटी प्रवासी व चालकांची माहिती चोरीला गेली. चोरांना एक लाख डॉलर देऊन प्रकरण दाबले गेले. कंपनीचे तत्कालीन सुरक्षाप्रमुख जो सुलिव्हन यांना त्याबद्दल २०२२मध्ये अमेरिकी न्यायालयात ज्यूरीने दोषी ठरवले. चोरी रोखता आली नाही म्हणून ही वेळ आली नव्हती. नियामक चौकशी करत असताना ती लपवली, म्हणून खटला उभा राहिला.

भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००च्या कलम ८५नुसार कंपनीकडून गुन्हा घडल्यास कारभार पाहणारी व्यक्तीही जबाबदार धरली जाते. आपल्या नकळत घडले किंवा आपण योग्य ती दक्षता घेतली होती, हे तिला सिद्ध करावे लागते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३मध्ये पुरेशी सुरक्षाव्यवस्था न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कॉसमॉसवरील हल्ल्यानंतर दोनच महिन्यांनी रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली. सायबर सुरक्षेचे धोरण संचालक मंडळाने मंजूर केलेले असावे, अशी तीत अट आहे. आता ज्या कागदावर संचालकांच्या सह्या होतात, त्यातले ‘स्विच’ आणि ‘स्विफ्ट’ हे शब्द त्यांना वाचता आले पाहिजेत.