मोटारहोमच्या स्लाइड-आउटमधली गळती कशी शोधावी



आई-बाबा भारतातून आले की विमाने, हॉटेले आणि जेवणाचे हाल यापेक्षा फिरते घरच बरे, असा साधा हिशेब करून आम्ही २०२२ मध्ये एक वापरलेले मोटारहोम घेतले. आम्ही राहतो सिएटलजवळ, म्हणजे हिवाळाभर पाऊस. पहिल्याच हिवाळ्यात स्लाइड-आउटच्या मागच्या कोपऱ्यात गालिचा ओला दिसू लागला. पाणी कुठून येते हे शोधायला आम्हाला पाच महिने लागले. क्रमाने शोधले असते तर दोन शनिवारांत काम झाले असते. ज्यांच्याकडे असे वाहन आहे किंवा घ्यायचा विचार आहे, त्यांच्यासाठी ही माहिती.

स्लाइड-आउट म्हणजे काय?

गाडी थांबली की भिंतीचा एक भाग सोफ्यासकट मोटरने बाहेर सरकतो आणि खोली रुंद होते. कपाटाच्या खणासारखेच. म्हणजे गाडीच्या भिंतीला एक मोठे भोक आहे आणि त्यात एक पेटी सरकते आहे. मधली फट रबरी पट्ट्या बंद करतात: काही पट्ट्या फुगीर, दाबून बसणाऱ्या, तर काही पातळ, पेटीवरचे पाणी निपटून काढणाऱ्या. पेटीवर बहुधा एक कापडी छत असते. त्याची एक कड गाडीच्या भिंतीवरच्या पट्टीत अडकवलेली असते आणि ती पट्टी भिंतीत स्क्रूने बसवलेली असते. हे स्क्रू लक्षात ठेवा.

आधी खात्री करा की ते पावसाचेच पाणी आहे

१. नळाचे पाणी: सगळे नळ बंद करून पाण्याचा पंप चालू ठेवा. कोणी पाणी वापरत नसताना पंप मधूनमधून आपोआप सुरू होत असेल, तर आधी पाईप तपासा.

२. दवाचे पाणी: थंडीत आतली वाफ गार भिंतीवर जमते. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होते. गॅसवर पोळ्या केल्या आणि खिडक्या बंद ठेवल्या, तर भिंती ओल्या होणारच. पाऊस नसतानाही ओल येत असेल तर संशय इथे घ्यावा.

३. पावसाचे पाणी: वही ठेवा. पाऊस केव्हा पडला, पेटी आत होती की बाहेर, गाडी उभी होती की चालत होती, आणि गाडीचा उतार कुठे होता, हे लिहा. गाडी चालतानाच गळत असेल तर वारा पाणी आत ढकलतो आहे. पेटी आत घेतल्यावरच गळत असेल, तर तिच्या छपरावरचे पाणी तिच्याबरोबर आत येते आहे.

आमच्या वहीतूनच पहिला धागा मिळाला. गाडी मागे उतरती असली की मागचा कोपरा भिजायचा. एकदा पुढे उतरती लावली तर पुढचा भिजला. भोक कोपऱ्यात असते तर ते जागा बदलते ना! म्हणजे पाणी वर कुठेतरी शिरून चौकटीवरून उताराकडे वाहत होते. गावाकडे कौले शाकारणाऱ्याला हे सांगावे लागत नाही: थेंब पडतो एकीकडे, फुटके कौल असते दुसरीकडे.

पाईपची परीक्षा

कोरडा दिवस निवडा. गाडीची बाहेरची वीजजोडणी काढा, पेटी बाहेर सरकवा, आतल्या कडेच्या शोभेच्या पट्ट्या काढा आणि कोपऱ्यांत पेपर टॉवेल ठेवा. एक जण आत टॉर्च घेऊन, दुसरा बाहेर बागेचा पाईप घेऊन. प्रेशर वॉशर अजिबात नको. तो चांगल्या रबरातूनही पाणी आत घालतो.

सुरुवात खालून करा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळते आणि काहीच कळत नाही. खालची कड, मग बाजूच्या पट्ट्या, खिडकी, पेटीचा माथा, छताची पट्टी, वरचे छोटे दिवे आणि शेवटी गाडीचे छप्पर. प्रत्येक ठिकाणी १० मिनिटे पाणी सोडा आणि पुढे जाण्याआधी किमान १५ मिनिटे थांबा. आमच्याकडे छताच्या पट्टीवर पाणी सोडल्यानंतर थेंब दिसायला २५ मिनिटे लागली. घाई केली असती तर दोष छपरावर गेला असता.

संशयित सापडला की त्यावर प्लॅस्टिक चिकटवून पुन्हा पाणी सोडा. गळती थांबली तरच निदान पक्के.

आमची चूक

हे सगळे करण्याआधी आम्ही खालच्या कडेला बाहेरून तीन वेळा सिलिकॉन फासले होते. पाणी शिरत होते पट्टीच्या सैल स्क्रूंतून, वर. खालून थोडे तरी निघून जात होते, ती वाट आम्हीच बुजवली! सोफा हलवला तेव्हा कोपऱ्यातल्या प्लायवूडमध्ये पेचकस लोण्यात शिरावा तसा शिरला. त्याच जागेशेजारी पुढच्या उन्हाळ्यात आई-बाबा झोपणार होते. सुमारे दीड फूट बाय एक फूट लाकूड कापून बदलावे लागले, बुरशी काढताना मास्क लावावा लागला.

दुरुस्ती

- पट्टी काढा, जुना चिकटा साफ करा, मागे नवी ब्युटिल टेप लावा आणि स्टेनलेसचे थोडे जाड स्क्रू वापरा.
- वरची कड आणि टोके सीलंटने बंद करा. खालची कड मोकळी ठेवा.
- छपरावर साधे सिलिकॉन नको. त्यावर पुढे दुसरे काही नीट चिकटत नाही. छपराच्या प्रकाराला चालणारेच सीलंट घ्या.
- लाकूड पूर्ण वाळल्याशिवाय झाकू नका. ओल मोजण्याचा मीटर १५ टक्क्यांच्या खाली आला की मगच. २० टक्क्यांच्या वर लाकूड कुजण्याचा धोका असतो.

एवढे करूनही सापडले नाही, तर दुरुस्तीवाल्याकडे हवेची परीक्षा करून घ्या. गाडीत पंख्याने हवा भरतात आणि बाहेरून साबणाचे पाणी लावतात. जिथे बुडबुडे, तिथे भोक.

२०२३ च्या जुलैमध्ये आम्ही सगळे यलोस्टोनला जाऊन आलो. एका रात्री मुसळधार पाऊस झाला. आम्ही दोघे टॉर्च घेऊन कोपरा चाचपत होतो, आणि सोफ्यावरून बाबांनी विचारले, "काय हरवलंय रे?" काही हरवले नव्हते. गालिचा कोरडा होता.

तुमच्या गाडीची गळती कुठे सापडली, तेही पुढच्या अंकासाठी जरूर लिहा.