९ डिसेंबर १९७१ : ‘खुकरी’ला जलसमाधी
भारत-पाकिस्तान युद्धात, पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी मुंबईहून निघालेली ‘आयएनएस खुकरी’ ही फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, या रात्री दीवजवळच्या समुद्रात ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने, अर्थात पाण्याखालून धावणाऱ्या स्फोटक अस्त्राने, काही मिनिटांतच बुडाली. तीत १८ अधिकारी व १७६ नौसैनिक हुतात्मा झाले. स्वतःचे जीवरक्षक जाकीट एका नौसैनिकाला देऊन नौकेवरच थांबलेले कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांना मरणोत्तर महावीरचक्र लाभले. ६७ जण मात्र काळ्याशार पाण्यात, हेलकावणाऱ्या तराफ्यांच्या व एकमेकांच्या आधाराने रात्रभर तग धरून राहिले आणि दुसऱ्या दिवशी ‘आयएनएस कच्छल’ने त्यांना वर घेतले.