अ‍ॅफिलिएट मार्केटिंग : लिंकवरच्या कमिशनचं काम सुरू करण्याआधी बडोद्यातल्या मराठी माणसाने काय पाहावं?

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी या भागांतल्या मराठी घरांना कमिशनचं काम नवं नाही. पोस्टाच्या आरडीचे पैसे न्यायला महिन्याला एजंट बाई येतात, एलआयसीची पॉलिसी ओळखीतलाच कुणीतरी उतरवून देतो. माल दुसऱ्याचा, गिऱ्हाईक आपल्या ओळखीचं आणि सौदा झाला तरच पैसे. अ‍ॅफिलिएट मार्केटिंग म्हणजे हेच काम, फक्त ओळखीच्या जागी लिंक आली. अ‍ॅमेझॉनने अशी योजना जुलै १९९६ मध्ये सुरू केली, तेव्हा ती मुख्यतः पुस्तकं विकत होती. आज अ‍ॅमेझॉनबरोबर फ्लिपकार्ट, मिंत्रा, अर्नकरो अशी नावं भारतात ऐकू येतात. यूट्यूबनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लिपकार्ट आणि मिंत्राला घेऊन भारतात अशी सोय आणली.

कामाची पद्धत सोपी आहे. नोंदणी केली की प्रत्येक वस्तूसाठी स्वतःची खूण असलेली लिंक मिळते. त्या लिंकवरून कुणी दुकानात गेलं आणि ठराविक मुदतीत खरेदी केली, तर विक्रीचा काही टक्का लिंक देणाऱ्याला मिळतो. अ‍ॅमेझॉनकडे ही मुदत साधारण २४ तास आहे. गिऱ्हाइकाला जास्त पैसे मोजावे लागत नाहीत. माल परत गेला तर मात्र कमिशनही परत जातं.

पहिली परीक्षा : पैसे कोण मागतंय?

खऱ्या योजनेत नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. गोंधळ नेमका इथेच होतो. ‘अ‍ॅफिलिएट मार्केटिंग शिका, महिन्याला लाख कमवा’ म्हणून काही हजारांचा कोर्स विकला जातो. तो घेतल्यावर कळतं की विकायचं आहे ते हाच कोर्स, आणि तोही आपल्याच मित्रांना, मावसभावाला, कॉलेजच्या ग्रुपवर. वस्तू नावालाच, कमाई नव्या भरतीच्या पैशांतून. पैसे फिरवण्याच्या अशा योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. डिसेंबर २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या थेट विक्रीच्या नियमांनीही पिरॅमिड योजनांना मनाई केली. पारख करायला एकच प्रश्न पुरे : उद्या नवीन माणसं जोडणं थांबलं, तर वस्तू विकत घेणारं बाहेरचं गिऱ्हाईक उरतं का? उत्तर ‘नाही’ असेल तर दूर राहावं. पैसे आधीच गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. तिथे उशिराची किंमत मोजावी लागते, कारण रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात पटापट सरकते.

विकायचं काय?

नवखा माणूस बहुतेक वेळा मोबाइलपासून सुरुवात करतो. मोबाइलवर कमिशन कमी असतं आणि त्याची माहिती देणारे हजारो जण आधीच बसलेले आहेत. बडोद्याच्या मराठी माणसाच्या हाती यापेक्षा चांगली गोष्ट आहे : दोन भाषा आणि दोन्हीकडचे सण.

पुरणयंत्र, मोदकाचा साचा, चकलीचा सोऱ्या, गौरींचे मुखवटे, गणपतीचं मखर यांची गरज महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांनाही पडते. बडोद्यात सेवेचा संचो म्हटलं की दुकानदार लगेच पुढे ठेवतो, पुरणयंत्र मागितलं तर ते काय असतं इथपासून सांगावं लागू शकतं. इंदूर, बेळगाव, हैदराबाद इथल्या मराठी कुटुंबांची अडचणही याच जातीची. अशी वस्तू ऑनलाइन घेताना लोकांना नेमक्या शंका असतात. यंत्राच्या जाळ्या किती, स्टीलचं घ्यावं की अ‍ॅल्युमिनियमचं, पाव किलो डाळीसाठी केवढं पुरतं? याची उत्तरं स्वतः वापरून मराठीत दिली, तर लिंकवर बोट ठेवणारा माणूस खरेदीच्या बेतानेच आलेला असतो. तीच माहिती नवरात्रीच्या चनिया-चोळीबद्दल किंवा उत्तरायणाच्या फिरकीबद्दल उलट्या दिशेनेही देता येते. नंदुरबार-नवापूरकडच्या वाचकाला गुजरातची ही बाजारपेठ परकी नाहीच. (नवापूरचं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे.)

मजकूर सणाच्या आठवड्यात टाकून फायदा नसतो. गणपतीचा दीड-दोन महिने आधी, फराळाच्या सामानाचा नवरात्रीपूर्वी.

हिशोब

समजा ८०० रुपयांचं पुरणयंत्र आहे आणि कमिशन ५ टक्के. एका विक्रीचे ४० रुपये झाले. शंभर जणांनी लिंक उघडली आणि दोघांनी घेतलं, असं धरलं तर ८० रुपये. महिन्याला ४,००० रुपये हवे असतील तर लिंक पाच हजार वेळा उघडली गेली पाहिजे. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, दर वस्तूगणिक बदलतात. पण नोकरी सोडून यात उतरायचं की संध्याकाळचे दोन तास द्यायचे, ते यावरून ठरवता येतं. पैसेही लगेच येत नाहीत, परत येणाऱ्या मालाची मुदत संपून हातात पडायला दोन-दोन महिने जातात.

अ‍ॅमेझॉनची आणखी एक अट नवख्यांना भोवते. नोंदणीनंतर १८० दिवसांत तीन पात्र विक्री झाल्या नाहीत, तर खातं बंद होतं. स्वतःच्या लिंकवरून स्वतःसाठी केलेली खरेदी त्यात धरत नाहीत, नातेवाइकांसाठी आपणच केलेली ऑर्डरही नाही. म्हणून आधी पाच-दहा चांगले व्हिडिओ किंवा लेख तयार करावेत आणि मगच अर्ज करावा. ई-मेलमधून किंवा छापील पत्रकातून लिंक वाटायलाही तिथे मनाई आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपबाबत प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे, ते वाचल्याशिवाय लिंक टाकू नये.

कायदा आणि कर

लिंकमधून कमिशन मिळतं हे वाचकाला ठळकपणे सांगणं बंधनकारक आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये सोशल मीडियावर शिफारस करणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका काढली. ही सूचना सोप्या भाषेत असावी आणि हॅशटॅगच्या गर्दीत लपवू नये, असं त्यात आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा तसंच केलं तर ५० लाखांपर्यंत. मराठी व्हिडिओत ‘या लिंकवरून घेतल्यास मला कमिशन मिळतं’ एवढं एक वाक्य सुरुवातीलाच म्हटलं की काम झालं. लोक त्यामुळे पळत नाहीत.

टेलिग्रामवर सगळ्यांत मोठ्या कमिशनचं आमिष बहुतेक वेळा पैसे लावून खेळायच्या अ‍ॅपचं असतं. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने अशा खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातीवरही बंदी घातली आहे. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. एक लिंक फॉरवर्ड करण्यासाठी ही जोखीम फार महाग आहे. शेअरच्या टिप्स देत डीमॅट खात्याची लिंक चालवणंही तसंच अडचणीचं, कारण नोंदणी नसलेल्या सल्लागारांशी संबंध ठेवायला सेबीने २०२४ मध्ये ब्रोकर कंपन्यांना मनाई केली.

कमिशन हे करपात्र उत्पन्न आहे. त्यावरचा टीडीएस ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आला आणि एप्रिल २०२५ पासून वर्षाला २० हजारांपुढच्या रकमेवर लागू झाला. पॅन दिला नाही तर २० टक्के कापले जातात. उत्पन्न कराच्या मर्यादेत बसत नसेल तर कापलेली रक्कम रिटर्न भरून परत मिळते, बरेच विद्यार्थी हे पैसे आळसापोटी सोडून देतात. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर जीएसटी नोंदणीची सहसा गरज पडत नाही. नोंदणी करताना पॅनवरचं आणि बँक खात्यावरचं नाव तंतोतंत जुळतंय का ते पाहावं. गुजरातमधल्या कागदपत्रांवर वडिलांचं नाव कधी पुढे, कधी मागे लागतं, एकावर ‘भाई’ असतं आणि दुसऱ्यावर नसतं. एवढ्याशा फरकानेही पैसे अडकून राहू शकतात.